तुळजाक्काची पोचपावती

तुळजाक्काने त्या माणसाला माफ केलं असतं, तर मी हे लिहायला बसलेच नसते. माफ करणाऱ्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. ती माणसं मोठी असतीलही, पण मला त्यांच्याशेजारी फार वेळ बसवत नाही. माझ्या स्वतःच्या डोक्यात एक मुख्याध्यापिका आणि एक जुना साहेब अशी दोन माणसं वर्षानुवर्षं ठाण मांडून आहेत, आणि त्यांना उठवायचा माझा काही विचार नाही. त्यामुळे चेन्नईतल्या सात वर्षांत मला जीव लावावासा वाटला तो नेमका या बाईला, यात नवल नाही.

ओळख झाली ती दारामुळे. वेलचेरीतल्या तळमजल्यावरच्या आमच्या घरात दुसऱ्यांदा पाणी शिरलं, तेव्हा मी कानाला खडा लावला आणि वेस्ट मांबलममध्ये दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. समोरच्या घराचं दार सताड उघडं असायचं. सकाळी उघडं, दुपारी उघडं, पाहुणे असोत-नसोत उघडं. रात्री फक्त बाहेरची लोखंडी जाळी ओढलेली, आणि तिलाही कुलूप नाही, जुन्या साडीचा काठ बांधलेला. मला वाटलं, काय मोकळ्या मनाची माणसं आहेत! एका सकाळी मी फोनवर आईशी बोलत जिना चढत होते, तर त्या दारातून एक ठेंगणी, सावळी, साठीची बाई बाहेर आली. व्हॉइलची साडी, केसांत मोगऱ्याचा गजरा, हातात कॉफीचा पेला.

"तुम्ही देशांतलीं कां?" तिने विचारलं.

देश म्हणजे महाराष्ट्र. तिचे पूर्वज काही पिढ्यांपूर्वी तंजावरला आले आणि तिथलेच झाले. घरात मराठी राहिली, पण ती तिकडच्या हवापाण्यातली. तमिळ हेल काढून बोललेली, आणि शब्द मात्र माझ्या पणजीने वापरले असते असे. मी कोल्हापूरची आहे म्हटल्यावर तिने माझं बोलणं पाच मिनिटं लक्ष देऊन ऐकलं आणि निकाल दिला, "तुमची मराठी पेपरांतली. पण समजतें. सरी, या आंत." सरी म्हणजे तमिळमध्ये ठीक.

पुढे सहा महिन्यांनी मला कळलं की त्या उघड्या दाराचा आणि मोकळ्या मनाचा काही संबंध नव्हता. तुळजाक्काचं मन मुळीच मोकळं नव्हतं. त्यात एकेकाचं नाव घातलेले कप्पे होते.

तिने अडतीस वर्षं टपाल खात्यात काढली होती, बरीचशी टपाल वर्गीकरणात. पत्ता हा तिचा धर्म होता. आमच्या इमारतीत येणाऱ्या प्रत्येक पार्सलावरचा पिनकोड ती वाचायची आणि चुकीचा असला तर कुरियरवाल्यालाच झापायची. लग्नाच्या पत्रिकेवर तिच्या नावाआधीचं आद्याक्षर चुकलं, तर त्या लग्नाला ती जायची नाही. कोणी तिला दुखावलं की ती भांडायची नाही, आवाजही चढवायची नाही. कॉफीचा पेला खाली ठेवायची आणि म्हणायची, "नोंद झाली."

आणि ती खरंच नोंद करायची. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा सुरक्षेसाठी सगळ्यांनी दारं बंद ठेवावीत असा फलक लावला आणि तुळजाक्काचं दार ओढून घ्यायला वॉचमनला वर पाठवलं. तिने वॉचमनला कॉफी पाजून परत पाठवलं. सेक्रेटरीच्या घरी नवरात्रात बाहुल्यांची मोठी आरास असते, कोलू म्हणतात त्याला, आणि बघायला आलेल्या प्रत्येक बाईने तिथे एक तरी गाणं म्हणायचं अशी रीत आहे. तुळजाक्काचा गळा सगळ्या गल्लीत नावाजलेला. ती गेली, पाटावर बसली, कुंकू लावून घेतलं, प्रसादाची उसळ, सुंडल, खाल्ली, आणि "म्हणा ना मामी" असं सेक्रेटरीच्या बायकोने चारदा विनवल्यावर हसून म्हणाली, "घसा बसला आहे." जिन्यात आल्यावर मला त्याच घशातून खणखणीत आलापी ऐकवली. हे चार नवरात्रं चाललं. पाचव्या वर्षी तो फलक आपोआप निघाला.

लिफ्टमध्ये ती कधी बसली नाही. मानेचं दुखणं होतं, गुडघे बोलत होते, पण जिनाच. न्हाणीघराला आतून कडी नाही. नोकरीत बढती आली तेव्हा तिजोरीच्या खोलीत बसावं लागणार म्हणून ती नाकारली आणि साहेबाला सांगितलं की मला जबाबदारी झेपत नाही. नवरा रेल्वेत होता, लवकर गेला, मूलबाळ नाही. त्याच्याबद्दल ती एकदाच बोलली. "चांगला होता. दार उघडें ठेवून निजायचा. कां म्हणून कधीं विचारलें नाहीं. विचारायला पाहिजे होतें."

मीही विचारलं नव्हतं. उलट मी तिची थट्टा करायचे, की तुमच्या घरातला पंखा सगळ्या मजल्याला वारा घालतो म्हणून. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

मानेसाठी डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितलं. मी रजा काढून बरोबर गेले. तिथल्या मुलाने तिला आडवं केलं, हातात रबराचा फुगा दिला, घाबरलात तर दाबा म्हणाला, आणि तिला त्या नळीत सरकवलं. मी बाहेर काचेपाशी उभी होते. मिनिटभरात फुग्याची घंटा वाजायला लागली ती थांबेचना. मुलाने घाईने मशीन थांबवलं, पण त्याच्या टेबलावरच्या स्पीकरमधून आवाज येतच होता. तुळजाक्काचा नव्हे, एका लहान मुलीचा आवाज.

"काका, उघडा. काका, मी शहाणी होतें. काका, उघडा हो."

तिथे चार माणसं होती, सगळी तमिळ. त्यांना ती बाई काहीतरी ओरडतेय एवढंच कळत होतं. त्या अख्ख्या इस्पितळात ते शब्द समजणारी मी एकटी होते. तिला बाहेर काढलं तेव्हा साडी ओली झालेली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, त्या काय म्हणत होत्या? मी सांगितलं. त्यांनी एक पत्ता लिहून दिला आणि म्हणाले, मानेचं नंतर बघू, आधी इथे जा.

रिक्षात तुळजाक्का माझ्याकडे पाठ करून बसली. दारात पोचल्यावर म्हणाली, "तुज समजलें, हें बरें झालें नाहीं." आणि पुढे आठ दिवस मला आत बोलावलं नाही. माझीही नोंद झाली होती.

नवव्या दिवशी ती स्वतः माझ्याकडे आली, स्वयंपाकघरात खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. ती आठ वर्षांची असताना वडील गेले. आई तिला घेऊन तंजावरला धाकट्या दिराकडे आली, स्वयंपाकाला म्हणा, आश्रयाला म्हणा. त्या दिराचं नाव वेंकोबा. तरणाताठा, शिकलेला, देवळात मान असलेला. घरामागे भाताची पोती ठेवायचं कोठार होतं, खिडकी नसलेलं. तुळजा रडली, की कोठार. अंथरूण ओलं केलं, की कोठार. स्तोत्र चुकलं, की कोठार. बाहेरून कडी. पहिल्यांदा घातलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आई दाराबाहेर बसायची आणि दाराखालच्या फटीतून बोटं आत सरकवायची. तुळजा आतून ती बोटं धरून बसायची. बोटांना चिंचेचा वास यायचा. आईने कडी कधी उघडली नाही.

एवढ्यावर संपलं असतं तरी राग यायला पुरे होतं. पण वेंकोबाकाकाने पुढे त्याचा विनोद केला. कुटुंबातल्या प्रत्येक लग्नामुंजीत हा गृहस्थ प्रत्येक पुतण्या-पुतणीची एकेक गंमत सांगायचा आणि तुळजाच्या वाट्याला ही आली होती. "आमच्या तुळजेस रडायची हौस भारी. कोठारांत घातली, की अर्ध्या तासांत स्तोत्र खडाखडा! त्या कोठारामुळें हुशार झाली आणि पोष्टांत लागली!" सगळा मांडव हसायचा.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मीही हंसायचें. चाळीस वर्षें हंसलें." ती म्हणाली. "काकाचा राग येतो, तो येतोच. पण त्या हंसण्याचा जास्त येतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, पत्ता द्या, मी जाऊन बघते त्या म्हाताऱ्याकडे. ती म्हणाली, "तूं कोण? माझा आहे तो."

इस्पितळातल्या डॉक्टरांनी लिहून दिलेला पत्ता नुंगंबाक्कमचा होता, तिथे तिसऱ्या मजल्यावर एक मानसतज्ज्ञ बसायची. तिशीतली, केस बारीक कापलेली, शांत बोलणारी तमिळ मुलगी. तुळजाक्का तिला डॉक्टरपोरगी म्हणायची. पहिल्या दिवशी तिने खोलीचं दार लावायच्या आधी विचारलं, उघडं ठेवू का? तुळजाक्का म्हणाली, उघडं. मग बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल म्हणून त्या मुलीने बाहेरच्या खुर्च्याच जिन्याजवळ नेऊन ठेवल्या. तुळजाक्काच्या लेखी ती त्याच क्षणी पास झाली.

पहिले काही आठवडे कोठाराचा विषयच निघाला नाही. छाती धडधडायला लागली की पाय जमिनीवर टेकवायचे, डोळ्यांना दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं घ्यायची, एवढंच. तुळजाक्का ते मोठ्याने करायची. रेशन दुकानाच्या रांगेत एकदा गर्दीत कोंडल्यासारखं झालं, तेव्हा तिने "पंखा, पोतं, तराजू, कॅलेंडर, तुझं टक्कल," अशी पाच नावं तमिळमध्ये खणखणीत घेतली आणि दुकानदार कायमचा दुखावला.

मग त्या मुलीने समजावून सांगितलं, की लहानपणी फार मोठी भीती बसली आणि त्या वेळी जवळ घेऊन "संपलं आता" म्हणणारं कोणी नसलं, तर ती गोष्ट संपली हे शरीराला कळत नाही. डोक्याला कळतं, शरीराला नाही. म्हणून नळीत गेल्यावर तुम्ही नऊ वर्षांच्या झालात. यात तुमचा कमकुवतपणा काही नाही. तुळजाक्काने हे घरी येऊन मला आपल्या भाषेत सांगितलं. "पत्त्यावर पोंचलें नाहीं तें टपाल. पाठवणाऱ्याकडे परत जात नाहीं, ज्याचें त्यास मिळत नाहीं. फिरतें नुसतें. मी तिला म्हटलें, सरी, मग पोंचवूं."

"बरं व्हायचंय ना पण तुम्हाला?" मी विचारलं.

"बरें व्हायचें मागाहून बघूं. आधीं त्यास कळूं दे."

सगळं सरळ चाललं नाही. मध्ये एकदा त्या मुलीने विचारलं, आईचा राग येतो का? तुळजाक्का उठून चालती झाली आणि तीन आठवडे गेली नाही. चौथ्या आठवड्यात गेली, परत आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "येतो." त्याविषयी पुढे कधी बोलली नाही.

पुढचा धडा पत्राचा होता. ज्याने दुखावलं त्याला एक पत्र लिहा, मनात आहे ते सगळं लिहा, ते पाठवायचं नाही, इथे घेऊन या, आपण वाचू. तुळजाक्काने तमिळमध्ये लिहिलं. घेऊन गेली, वाचलं, आणि काहीच झालं नाही. तिला रडू आलं नाही, राग आला नाही. ती म्हणाली, तमिळमध्ये तो माझा कोणी नाही. त्याने कडी मराठीत घातली. मुलगी म्हणाली, मग मराठीत लिहा. आणि इथे घोडं अडलं. तुळजाक्काला मराठी बोलता येत होती, देवनागरी लिहिता येत नव्हती. शाळा सगळी तमिळ आणि इंग्रजी. काका मात्र आपण देवनागरी वाचतो म्हणून मिरवणारा. तेव्हा तिने मला कागद आणायला सांगितला.

चार दुपारी आम्ही बसलो. ती सांगायची, मी लिहायचे. "तुझी पेपरांतली नको, माझी लिही," असं तिने बजावलं होतं, म्हणून मी तिचा प्रत्येक शब्द होता तसा उतरवला. पत्रात शिव्या नव्हत्या. शिव्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पोती किती होती, उंदीर कुठून यायचा, परकराचा रंग कोणता, कडीचा आवाज कसा, आणि आत असताना बाहेर काका कॉफी पिताना पेला किती वेळा खाली ठेवायचा, एवढंच. शेवटी एक वाक्य होतं. "ही गंमत नव्हे, हें तुम्ही सगळ्यांसमोर आपल्या तोंडानें म्हणेपर्यंत मी मरणार नाहीं." ते सांगताना तिचा आवाज साधा होता.

पुढच्या भेटीला ती रिकाम्या हाताने गेली, मला बरोबर आत घेऊन. मुलीने विचारलं, पत्र कुठे आहे?

"टाकलें," तुळजाक्का म्हणाली. "रजिस्टर. पोचपावतीसकट."

त्या शांत मुलीचा चेहरा मी पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. ती म्हणाली, अम्मा, ते पाठवायचं नव्हतं. तुम्हाला त्रास होईल, ते उलटतील, घरचे उलटतील, आपण त्याची तयारी केली नव्हती. तुळजाक्काला तिचा मुद्दाच समजेना. बिनपत्त्याचं पत्र तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिने पाकिटावर पत्ता घातला होता. आणि पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पत्र स्वतःजवळ दाबून ठेवणं हा तिच्या लेखी गुन्हा होता, ज्यासाठी तिने डोळ्यांदेखत माणसं निलंबित झालेली पाहिली होती. "पत्ता लिहिला, की तें माझें नव्हे, त्याचें. त्याचें टपाल मी कशी ठेवूं?" असं ती अगदी मनापासून विचारत होती. मुलीला हसू आलं आणि ती म्हणाली, ठीक आहे, आता तयारी करू.

बारा दिवसांनी पोचपावती आली. वेंकोबाकाकाची थरथरती सही. तुळजाक्काने ती देवापुढे ठेवली, कुंकवाच्या करंड्याखाली.

पत्राला उत्तर आलं नाही. फोन आला तो पद्माचा. पद्मा म्हणजे वेंकोबाकाकाची मुलगी, तुळजाक्काहून दोन वर्षांनी धाकटी, एकाच घरात वाढलेली. फोन मोठ्या आवाजावर होता, मला सगळं ऐकू येत होतं. अप्पांचं वय काय, त्यांचं बीपी काय, दोन महिन्यांवर त्यांचा सदाभिषेक आला आहे, आणि तुला हे आत्ता सुचतं? घरोघर मुलांना शिक्षा करत होते तेव्हा. तुझं डोकं फिरलंय, म्हणूनच डॉक्टरीण लागते.

"माझें वय तेव्हां काय होतें, तें कोणीं विचारलें नाहीं," तुळजाक्का म्हणाली आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून, "नोंद झाली."

सदाभिषेक म्हणजे आपल्याकडचं सहस्रचंद्रदर्शन. ऐंशी पार केलेल्या माणसाला आणि त्याच्या बायकोला शेजारी बसवून कलशांच्या पाण्याने न्हाऊ घालतात, आणि मग सगळं गोत वयाप्रमाणे रांगेने येऊन पाया पडतं. पत्रिका आली. खाली पेनाने लिहिलं होतं, "सर्व विसरून यावें." त्यातलं पहिलं वाक्य तुळजाक्काने मान्य केलं नाही, दुसरं केलं. ती म्हणाली दोन आहेत ती वाक्यं, एकात कोंबलेली.

डॉक्टरमुलीने जाऊ नका म्हटलं नाही. तो हसला तर काय कराल, नाकारलं तर काय कराल, छाती धडधडली तर कोण बरोबर असेल, हे सगळं तिने दोन-तीन भेटींत बोलून घेतलं. शेवटी विचारलं, तुम्ही नक्की कशासाठी जाताय? तुळजाक्का म्हणाली, सूडासाठी. मुलीने ते वहीत लिहून घेतलं आणि दुरुस्त केलं नाही. "म्हणून मी तिच्याकडे जातें," तुळजाक्काने मला जिन्यात सांगितलं.

काका-काकी काही वर्षांपूर्वी तंजावर सोडून पद्माकडे चेन्नईला आले होते, आणि हॉल आमच्या घरापासून दहा मिनिटांवर होता. सकाळचे अकरा वाजले असतील. नादस्वरम् थांबलं होतं. न्हाऊन नवी वस्त्रं नेसलेले काका आणि काकी सजवलेल्या खुर्च्यांवर बसले होते. काकांच्या समोर माईक होता, कारण त्यांना बोलायला आवडायचं. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. गोरे, हसरे, कानांत हिऱ्याच्या कुड्या. राक्षस दिसत नव्हते, याचा मला फार राग आला. प्रत्येकजण वाकायचा, काका त्याची गंमत सांगायचे, दोनशे माणसं हसायची.

तुळजाक्काची पाळी आली. काकांनी तिला बघितलं आणि ती वाकायच्या आधीच घाईने हात वर केला. "दीर्घायुषी हो. पुढें कोण?"

ती वाकली नाही, हललीही नाही. "काका, सगळ्यांची सांगितली. माझी राहिली."

"पुरें आतां, पानें वाढलीं आहेत."

"कोठाराची. सांगा की."

मागची माणसं सवयीने हसायला लागली. कुणीतरी ओरडलं, हां, कोठाराची सांगा! माईक समोर होता. काका मागे सरू शकत नव्हते. त्यांनी घसा साफ केला. "आमच्या तुळजेस... रडायची हौस. कोठारांत घातली, की अर्ध्या तासांत..."

"अर्धा तास नव्हे."

हे तुळजाक्का बोलली नव्हती. शेजारी बसलेल्या काकी बोलल्या होत्या, मांडीवरच्या हातांकडे बघत. आवाज बारीक, पण माईकने उचलला. "दिवे लागेतों असायची. हिची आई दाराशीं बसून असायची. मज उघडूं दिलें नाहीं ह्यांनीं."

हसू थांबलं. पुढच्या रांगेतलं आधी, मग मागचं, मग पानं मांडणारी माणसंही उभी राहिली. तुळजाक्काने दोन्ही पाय फरशीवर नीट टेकवले. मला दिसत होतं की ती मनात काहीतरी मोजत आहे.

"माझें वय सांगा, काका."

काकांनी पुढच्या रांगेकडे पाहिलं.

"काका, वय."

"नऊ," वेंकोबाकाका म्हणाले. सगळ्या हॉलने ऐकलं.

"गंमत होती कां?"

त्यांनी मान हलवली, नाही अशी. ती म्हणाली, "माईकांत." आणि त्या ऐंशी वर्षांच्या माणसाने, ओल्या केसांनी, माईकमध्ये "नव्हे" म्हटलं.

मला दया आली नाही. यायला हवी होती असं नंतर अनेकांनी सांगितलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

"सरी," तुळजाक्का म्हणाली. नमस्कार न करता वळली, पानावर जाऊन बसली, आणि पायसम् दोनदा मागून घेतलं. हात धुताना पद्मा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल. "झालें समाधान?"

"नाहीं," तुळजाक्काने खरं ते सांगितलं. "थोडें राहिलें."

ते थोडं काय, हे मला कळलं नाही, बहुतेक तिलाही नव्हतं कळलं. मान मात्र तिने दुसऱ्या ठिकाणी, बाजू उघड्या असलेल्या मशीनमध्ये तपासून घेतली, फुगा एकदाच दाबला. काका लग्नामुंजींना येतात, पण गप्प बसतात असं तिच्या कानावर आलं, तेव्हा ती म्हणाली, "शंभर वर्षें जगूं दे. असाच." इतक्या प्रेमाने दिलेला शाप मी दुसरा ऐकलेला नाही.

चार महिन्यांनी एका सकाळी पद्मा आमच्या मजल्यावर आली. दार उघडंच होतं, तरी बाहेर उभी. मी माझ्या दारातून पाहत होते. ती म्हणाली, हॉलमधल्या दिवसापासून झोप नाही. मग फार हळू म्हणाली, "मजही कोठारांत घालायचे. तूं घरांतून गेल्यावर. कोणास सांगूं? माझाच बाप."

एखादीने तिला पोटाशी धरलं असतं. तुळजाक्काने कॉफीचा पेला खाली ठेवला. "फोनवर मज डोकें फिरलेली म्हणालीस. तें आधीं परत घे."

पद्माने परत घेतलं. उंबऱ्याबाहेर उभी राहून, स्पष्ट शब्दांत. मग तुळजाक्का सरकली आणि तिला शेजारी बसायला जागा दिली.

माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी त्या दोघी नुंगंबाक्कमला जाणार होत्या, पद्माची पहिली वेळ, म्हणून मी सोडायला गेले. जिन्याजवळच्या खुर्च्यांवर आम्ही बसलो. तिथल्या मदतनीस मुलीने पद्माला भरायला एक कागद दिला. नाव, वय, पत्ता. पत्ता तुळजाक्काने तपासला आणि पिनकोड दुरुस्त केला. मग ती वर्तमानपत्र वाचायला लागली. पद्मा एका रकान्यापाशी थांबली होती. तुम्हाला इथे कोणी पाठवलं, असा तो रकाना होता.

"इथें काय लिहूं?" तिने विचारलं. "तुझें नांव घालूं?"

तुळजाक्काने पेपरातून डोकं वर काढलं नाही. "माझें कशाला? तुझ्या बापाचें लिही."

पद्माने कागद मांडीवर सरळ केला. मग तिने पेन उचललं आणि लिहिलं, पूर्ण नाव, आद्याक्षरांसकट.